खणांवरच्या चिठ्ठ्या

४ मार्च

घरखर्चाच्या या वहीची मागची पानं दरवर्षी कोरीच राहतात. नवी वही कशाला फुकट, म्हणून मागच्या बाजूने सुरुवात करते आहे. पुढून दूध, साबण, लाईटबिल. मागून मनातलं. देवाला रोज सांगतेच, पण त्याला सांगितलेलं दुसऱ्या दिवशी वाचून बघता येत नाही.

आज पाव आणायला गेले तेव्हा मेस्त्रींच्या गॅरेजसमोर पार्सलवाल्याची गाडी उभी होती. तीन खोकी उतरवली. मी थांबून नीट पाहिलं, एकावर चेनचं चित्र होतं, एकावर प्लगचं. म्हणजे मेस्त्रीसुद्धा आता मोटरसायकलचे पार्ट मोबाईलवर मागवतात. सव्वीस वर्षांचं गिऱ्हाईक. आमच्या स्पेअर पार्टच्या दुकानासमोर रस्त्यापलीकडे त्यांचं गॅरेज, बोल्ट हवा असला तर तिथून नुसती हाक मारायचे आणि हे इथून फेकायचे. त्यांची बायको आजारी होती तेव्हा मी दोन महिने डबा पोचवला.

वर निर्लज्जपणा असा, की दुपारी आमच्याकडेही आले. ह्यांच्याकडून क्लचची वायर घेतली, पैसे मोजून दिले आणि पिशवी हलवत गेले. गॅरेजात तिकडचं खोकं, हातात आमची पिशवी.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, मागवू दे, त्यालाही पोट आहे. मग पंख्याकडे बघत बसले.

९ मार्च

दुकानात आज अर्धा दिवस बसले. गिऱ्हाईक का तुटतं ते डोळ्यांनी पाहिलं.

फोन आला. पलीकडचा माणूस गाडीचं नाव, साल सांगून मागच्या ब्रेकचा शू आहे का विचारत होता, मलासुद्धा ऐकू येत होतं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जुना पार्ट घेऊन या." त्याने पुन्हा नाव सांगितलं. हे पुन्हा तेच. त्याने फोन ठेवला.

मी म्हटलं, अहो, माणूस कुठून कुठून विचारतोय, आहे-नाही सांगायला काय जातं? तर म्हणे, हातात आल्याशिवाय मी सांगत नाही. पूर्वी असं नव्हतं. नाव पुरं निघायच्या आत खण उघडलेला असायचा. आता वयाबरोबर हेका वाढला आहे. मी परगावच्या लेकीला फोन करून तिच्याकडून मोबाईलवर बघून घेतलं, तोच शू तिकडे ऐंशीने स्वस्त आणि घरपोच. गंजका जुना पार्ट खिशात घालून कोण येणार आहे आमच्या दारी?

दुकानाच्या तीन भिंतींना मिळून एकशे चाळीस खण आहेत आणि एकावरही चिठ्ठी नाही. सुरुवातीला होत्या. पण हाताखालच्या माणसाने सगळे खण वहीत उतरवून घेतले आणि चौकात स्वतःचं दुकान टाकलं. तेव्हा ह्यांनी एका रविवारी बसून ओल्या फडक्याने सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. म्हणाले, आता ज्याला चोरायचं असेल त्याने माझं डोकं घेऊन जावं. तेव्हापासून सगळं ह्यांच्या हातात. मेस्त्री चेष्टेने म्हणायचे, शेठ, तुमच्या तळहातावर नुसता वॉशर ठेवला तरी तुम्ही गाडीच्या मालकाचं नाव सांगाल.

आज ह्यांनी एकावर एक दोन शर्ट घातले होते. मी म्हटलं, थंडी वाजते का? हो म्हणाले.

१५ मार्च

ह्यांनी दूध दोनदा आणलं, सकाळी आणि परत दुपारी. मी नको ते बोलले. नंतर वाईट वाटलं. धंद्याची काळजी असल्यावर डोकं ठिकाणावर कसं राहील.

२१ मार्च

लिहू नये, पण इथे खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे. मेस्त्रींवर माझा संशय आहे.

आज मी जेवणाचा डबा घेऊन गेले तर मेस्त्री काउंटरच्या आत. हे बाहेर बाकावर, आणि मेस्त्री आपले खण उघडून बघताहेत, एक मिटला की दुसरा. दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाइकाला ह्यांनी इतक्या वर्षांत उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. मला बघून म्हणाले, शेठ दमलेत, म्हटलं मीच काढून घेतो. गोड बोलायला कुणाला पैसे पडतात? इकडे खणांचा ठाव घ्यायचा, तिकडे मोबाईलवरून मागवायचं. एकदा गेलेल्या माणसाने काय केलं ते मी विसरलेले नाही.

देवासमोर बसले तेव्हा मन लागलं नाही.

३ एप्रिल

लेक आठ दिवसांची रजा काढून आली आहे. परगावी नोकरी, महिन्यातून एकदा फोनवर तोंड दिसतं. आल्या दिवशीच दुकानात गेली, दहा-बारा खण उघडून पाहिले आणि म्हणाली, "आई, यातल्या कितीतरी गाड्या कंपनीने कधीच बंद केल्या. त्यांचे पार्ट लोक शोधत फिरतात. आपण कुणाची वाट का बघायची? आपणच मोबाईलवर विकू." मला पटलं. काट्याने काटा काढायचा. फोटो टाकायचा, नाव लिहायचं, किंमत लिहायची, पार्सलवाला दारातून घेऊन जाईल. मी दहावी पास आहे, एवढं जमेल.

नावांपाशीच गाडं अडलं. मी खण ओढायचा, ह्यांनी नाव सांगायचं, लेकीने लिहायचं, असं ठरलं होतं. पहिल्या पाच खणांना तास गेला. हे काय, विचारलं की म्हणायचे, ते फिरणारं, चाकाच्या आतलं. नाव काय अहो? नाव काय करायचंय, गिऱ्हाईक आलं की देतो ना मी.

माझा तोल गेला. म्हटलं, संसारात कधी दुकानातलं काही विचारलं नाही, आज विचारते आहे तर मला त्या पळून गेलेल्याच्या रांगेत बसवता का? ह्यांनी काउंटरवर कुणाचा तरी जुना पार्ट पडला होता तो उचलला, अंगठा फिरवला, आणि न बघता मागे हात नेऊन डाव्या भिंतीचा खालून तिसरा खण ओढला. तस्साच नवा काढून माझ्या हातात ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले. जणू झालं, दिलं उत्तर.

लेक हसली. मला हसू आलं नाही. येतं सगळं, पण सांगायचं नाही. इतका गर्व बरा नव्हे.

५ एप्रिल

ह्यांना चार दिवस नणंदेकडे पाठवलं. तब्येतीला बदल, असं सांगून. खरं म्हणजे आम्हा दोघींना मोकळं दुकान हवं होतं.

नावं शेवटी कंपन्यांच्या छापील याद्यांमधल्या चित्रांवरून काढली. एकशे चाळीस खण जमिनीवर ओतले. काय काय निघालं. एकाच खणात पाच गाड्यांचे पार्ट, प्लगशेजारी आरशाचे स्क्रू. ह्यांनी बहुतेक जे जास्त लागतं ते हाताजवळ ठेवलं होतं, शिस्त म्हणून नाहीच. आम्ही गाडीप्रमाणे भिंती वाटल्या, आणि त्यात पुढचं चाक, इंजिन, मागचं चाक असा क्रम. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांच्या चिठ्ठ्या कापल्या. लिहिल्या मी. शाळेत माझं अक्षर पहिलं यायचं, ते इतक्या वर्षांनी कामाला आलं. गुडघे बोलायला लागले, पण मजा आली. लेक म्हणाली, आई, तू खरं तर मॅनेजर व्हायचीस. म्हटलं, तुला वाढवताना दुसरं काय केलं?

१० एप्रिल

हे आले. पिशवी हातातच, उंबऱ्यावर उभे राहिले. आम्ही दोघी लहान पोरींसारख्या तोंडाकडे बघत होतो.

बराच वेळ बघून म्हणाले, "छान." मग विचारलं, कुणी लावलं? आम्ही, म्हटलं. छान लावलंय, म्हणाले. दुसऱ्याच्या घराला म्हणावं तसं. आत आले, पण आपल्या स्टुलावर न बसता गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले, पिशवी मांडीवर घेऊन. लेक म्हणाली, बाबांना आनंदाने सुचेनासं झालं. दुपारच्या गाडीने ती गेली.

१२ एप्रिल

जुना पार्ट घेऊन एक गिऱ्हाईक आलं. ह्यांनी तो घेतला, अंगठा फिरवला, मागे वळले आणि डाव्या भिंतीचा खालून तिसरा खण ओढला. आता तिथे इंडिकेटरचे बल्ब आहेत. बघत राहिले. खण मिटला. पुन्हा ओढला. जरा थांबून तिसऱ्यांदा ओढला, जणू मधल्या वेळात आतलं बदललं असेल.

मी म्हटलं, चिठ्ठी वाचा ना. ह्यांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली. शेजारची वाचली, त्याच्या शेजारची वाचली. रांग संपेपर्यंत वाचत गेले आणि खण एकही उघडला नाही. गिऱ्हाईक घड्याळ बघून गेलं.

रुसवा आहे हा. न विचारता केलं म्हणून. मीही मग बोलले नाही संध्याकाळपर्यंत. कौतुकाचा एक शब्द तर राहिलाच.

२० एप्रिल

देवाने ऐकलं. आठ दिवसांत अकरा ऑर्डरी. एका बंद पडलेल्या गाडीच्या कार्ब्युरेटरच्या तीन गास्केटी, कुठल्या कुठे गेल्या. चिठ्ठी वाचायची, खण उघडायचा, कागदात गुंडाळायचं. एकही चूक नाही. हे बाहेर पायरीवर बसतात. आत या म्हटलं तर येतात, दोन मिनिटांनी पुन्हा बाहेर.

२४ एप्रिल

मेस्त्री आजारी होते म्हणून महिनाभर फिरकले नव्हते. आज आले. दारातच थबकले, भिंतींवरून नजर फिरवली आणि माझ्यावर आणली.

"वहिनी, हे का केलंत?"

मी वाटच बघत होते. म्हटलं, तुम्ही मोबाईलवरून मागवलेलं चालतं आणि आम्ही विकलं की डोळ्यात खुपतं, असं आहे का? त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी तोंडात मारली. बाहेर जाऊन ह्यांच्या शेजारी पायरीवर बसले, बराच वेळ. मग गेले.

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

३ मे

आज अक्षर वाकडं येतंय.

सकाळी हे लवकर तयार होऊन बसले होते. चल, दुकान उघडायचंय, म्हणाले. मला बरं वाटलं, म्हटलं रुसवा गेला. दुकानाशी आलो, मी शटर वर केलं. हे रस्त्यावरच उभे.

"हे आपलं नव्हे," म्हणाले.

मी हसले. म्हटलं, वर बघा, बोर्डावर सासऱ्यांचं नाव आहे. ह्यांनी बोर्ड वाचला, मान हलवली. मग माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "बोर्ड आपला आहे. आत दुसऱ्याचं आहे. चल, ते येतील."

तेवढ्यात ऑर्डरीचा फोन आला म्हणून मी आत गेले. आले तर हे नाहीत. गॅरेजात नाहीत, घरी नाहीत. अडीच तास. मेस्त्रींनी गॅरेज तसंच उघडं टाकलं आणि स्कूटर काढली. शेवटी शिंप्यांच्या गल्लीत सापडले. एका बंद शटरसमोर वाकून आपल्या दुकानाची किल्ली त्याच्या कुलपाला लावत होते. आधीच्या तीन शटरांना लावून झाली होती. एक म्हातारा शिंपी शेजारी उभा होता, ह्यांची टोपी हातात धरून. म्हणाला, मी काही बोललो नाही, म्हटलं उघडत असतील तर उघडू दे.

हे मला बघून म्हणाले, कुलूप बदललंय कुणीतरी.

८ मे

डॉक्टरांकडे जाऊन आलो. तपासण्या, मेंदूचे फोटो. डॉक्टरांनी कधीपासून विचारलं, मी म्हटलं, महिना झाला. ते म्हणाले, दोन-तीन वर्षं तरी असावं, आठवून बघा.

घरी येऊन आठवत बसले. दोन शर्ट. दूध. फोनवरचं ते "जुना पार्ट घेऊन या". जिथे जिथे मी हेका म्हटलं, गर्व म्हटलं, रुसवा म्हटलं, ते सगळं. लिहून ठेवलंय म्हणून नाही म्हणायलाही जागा नाही.

डॉक्टर आणखी एक म्हणाले. अशा माणसांची सवयीची जागा होता होईतो हलवू नये. वस्तू जिथल्या तिथे राहू द्याव्यात, हाताला वाट पाठ असते. मी हो हो म्हणत होते. खणांचं त्यांना सांगितलं नाही. लेकीलाही फोनवर सांगितलं नाही. तिने विचारलं, दुकान कसं चाललंय? मी म्हटलं, चांगलं.

११ मे

मेस्त्रींकडे गेले. त्या दिवशी धावले त्याबद्दल दोन शब्द बोलावेत, मागचं टोचून बोललेलं परत घ्यावं, एवढंच मनात होतं. मेस्त्री गाडीखाली होते, बसा म्हणाले. बसले तर समोर मांडणी, आणि मांडणीवर माझ्या पिशव्या.

आमच्या दुकानाच्या कागदी पिशव्या मी घरी चिकटवते, रद्दीच्या, तळाशी दुहेरी घडी घालून. हजारात ओळखेन. चाळीस-पन्नास तरी असतील, ओळीने लावलेल्या, तोंडं दुमडलेली. एक उघडली. ऑईल सील, कोरं. दुसरीत क्लचची वायर. तिसरीत प्लग, वरचा प्लास्टिकचा कागदही काढलेला नाही.

हे काय, विचारलं. जास्तीचा माल आहे वहिनी, पडून राहतो. मी म्हटलं, मेस्त्री, खरं सांगा. ते फडक्याला हात पुसत राहिले, निघण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी.

"दोन वर्षं झाली. आधी फक्त नाव चुकायचं. हात चुकायचा नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, शेठकडे जाताना जुना पार्ट न्या, तोंडाने मागू नका. मग मधूनमधून हातही चुकायला लागला. दहातले दोन."

"परत का नाही आणलंत?"

"एकदा आणला होता. त्यांचा चेहरा बघवला नाही."

"आणि ती मोबाईलवरची खोकी?"

"गाडी तर नीट करून द्यायला हवी ना वहिनी. बरोबरचा मागवून घ्यायचो मग."

म्हणजे प्रत्येक चुकीचा पार्ट ह्यांच्याकडून घ्यायचा, आणि बरोबरचा पुन्हा तिकडून. मी विचारलं, मला का नाही सांगितलंत एवढे दिवस?

मेस्त्री खरोखरच गोंधळले. म्हणाले, "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

२१ मार्चचं पान फाडणार होते. नाही फाडलं. देवाने वाचलेलंच आहे ते.

१६ मे

मेस्त्रींनी दिवसभर गॅरेज बंद ठेवलं. पूर्वी कुठे काय होतं ते आठवून आम्ही पुन्हा लावायला बसलो. ते डोळे मिटून काउंटरच्या आत उभे राहायचे आणि ह्यांची नक्कल करायचे, क्लच प्लेट मागितली की शेठ असे वळायचे, अस्सा हात जायचा. कुठल्या उंचीला जायचा त्यावरून खण धरायचा. त्यांना अठ्ठेचाळीस खण आठवले. माझे तीन. बत्तीस वर्षं डबा घेऊन जात होते आणि मला तीन खण आठवले. बाकीचे अंदाजाने भरले. चिठ्ठ्या ओल्या फडक्याने काढल्या.

संध्याकाळी ह्यांना आणलं. आत आले, उजव्या भिंतीवरून हात फिरवला, एक खण ओढला, मिटला. मग मेस्त्रींना म्हणाले, "आधीच्या मालकांनी सोडलं वाटतं."

हो म्हणाले मेस्त्री. चांगला माणूस होता का, ह्यांनी विचारलं. मेस्त्री बाहेर गेले.

२ जून

चिठ्ठ्या परत लावल्या. ऑर्डरी पाठवायच्या तर दुसरा इलाज नाही, आणि औषधं महाग आहेत. दुकान आता मी बघते.

हे दिवसा मेस्त्रींकडे बसतात. मेस्त्रींनीच म्हटलं, तिथे पसारा आहे तसा आहे, हलवणारं कुणी नाही. एक पालथं खोकं, रॉकेलचं ताट, ब्रश. जुने पार्ट घासून ओळीने ठेवतात. इथून रस्त्यापलीकडे मला दिसतात. जेवायला हाक मारली तर येतात कधी, कधी हात वर करून डबा घेऊन आलेल्या मेस्त्रींच्या बायकोकडे बोट दाखवतात, म्हणजे तिथेच जेवणार. सुखात दिसतात. हे लिहिताना मला बरं वाटायला हवं.

१९ जून

आज दुपारी हे रस्ता ओलांडून इकडे आले. मेस्त्रींनीच पाठवलं होतं, ते पलीकडे कडेला उभे राहून लक्ष ठेवून होते. मी उठून दारापर्यंत जाणार, तोवर हे काउंटरपाशी आले, गिऱ्हाइकांच्या बाजूने. हातातला कागद उलगडला. चेन ज्यावर फिरते ते पुढचं दातेरी चाक, झिजलेलं.

"असंच एक द्या," म्हणाले.

अहो, असं ओठावर आलं होतं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, परक्या बाईकडे पाहावं तसं, जरा अंतर राखून, आदराने. मी ते तिथेच गिळलं. बघते, म्हटलं.

चिठ्ठी वाचली, खण उघडला, नवं चाक काढून पुढे ठेवलं. ह्यांनी आधी हात पँटला पुसले. मग डाव्या हातात जुनं, उजव्या हातात नवं, आणि दोन्ही अंगठे एकदमच कडेवरून फिरले. नजर बाहेर रस्त्यावर होती.

"हे नाही. एक दाता कमी आहे."

मी मोजले, चौदा. जुन्याचे मोजले, पंधरा. चिठ्ठीवर माझ्या पहिल्या नंबरच्या अक्षरात पंधरा लिहिलं होतं. शेजारशेजारचे दोन खण भरताना मीच उलटे भरले होते.

शेजारच्या खणातलं काढून दिलं. पुन्हा अंगठे फिरले. मान हलली. जुनं-नवं दोन्ही कागदात गुंडाळलं, पैसे किती विचारलं. मी म्हटलं, मेस्त्रींच्या नावावर लिहिते. माझा चेहरा पडलेला दिसला असावा, कारण निघताना थांबले.

"नवीन आहात ना?"

"हो."

"जमेल हळूहळू. वाचून देऊ नका. हातात घेऊन देत जा."

मी बरं म्हटलं. हे दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडून गेले, मेस्त्रींच्या हातात पुडी दिली, खोक्यावर बसले आणि ब्रश उचलला.

मी चौदाचं एक आणि पंधराचं एक चाक काढलं. डोळे मिटले आणि दोन्हींवरून अंगठे फिरवून पाहिले, एकदा, मग सावकाश पुन्हा. मला काहीच फरक कळला नाही.